साहेबाच्या वहीतला तिसरा रकाना

मी घर सोडलं त्या दिवशी आमच्या गाडीत माणसाला बसायला जागा नव्हती. गाडी कापसानं गच्च भरली होती आणि बाबांनी सरळ सांगितलं होतं, "कापूस गाडीत जाईन, तू पायी चाल." आमचं गाव रिद्धपूरपासून दोन कोसांवर. तिथून अमरावतीपर्यंत दोन दिवस मी गाडीमागे चाललो आणि बाबा पुढे बैलांजवळ. निघताना माय वेशीपर्यंत आली. ती रडली नाही. रडायचं ते आदल्या दिवशी चुलीजवळ रडून झालं होतं. मला म्हणाली, "पोटाले जपजो." मग बाबांकडे वळून विचारलं, "तुमचा पाय कसा हाये?" आदल्या दिवशी बैलाचा खूर पडून त्यांच्या अंगठ्याचं नख उपटलं होतं. "थोडं हाये," बाबा म्हणाले आणि बैल हाकले. दोन दिवस ते लंगडत चालले. अमरावतीत मामांच्या दारात त्यांनी पायाचं फडकं सोडलं, तेव्हा ते रक्तानं वाळून कडक झालं होतं.

तसा मी आधी चार वर्षं मामांकडे राहून अमरावतीच्या शाळेत इंग्रजी शिकलो होतो. पण ते काही घर सोडणं नव्हे. सणाला यायचो, वेचणीला यायचो, आजारी पडलो की मुद्दाम यायचो. या वेळी अकोल्याला नोकरीवर चाललो होतो, आणि नोकरीवर गेलेला माणूस पाहुणा होऊन परत येतो हे मायला बरोबर कळलं होतं. मला कळायला बरीच वर्षं लागली.

ते दिवस कापसाचे होते. सातासमुद्रापार अमेरिकेत आपसांत लढाई जुंपली आहे आणि तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आहे, एवढं आमच्या गावापर्यंत पोचलं होतं. कोण कोणाशी लढतंय, कशासाठी लढतंय, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पण ती लढाई लवकर संपू नये असं सगळ्यांनाच वाटत होतं. खोटं कशाला सांगू, मलाही वाटत होतं. जिथं जवारी डोलायची तिथं लोकांनी कापूस पेरला. गाड्यांची रांग इतकी, की रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके लटकलेले असायचे. व्यापाऱ्यांचे इंग्रजी कागद तर लढाईच्या आधीपासूनच गावात येऊ लागले होते, म्हणून तर बाबांनी मला शाळेत घातलं होतं. "त्याईनं काय लिवलं ते आपल्याले कयलं पायजे," एवढंच त्यांचं म्हणणं. त्या इंग्रजीच्या जोरावर शाळेतल्या मास्तरांनी मला नोकरी मिळवून दिली, आणि ती कापसाच्या कागदांची नव्हती, दवाखान्याची होती.

अकोल्याजवळ तेव्हा रेल्वेच्या लाईनीचं काम चाललं होतं. मातीचा भराव टाकायला हजारो माणसं आली होती, त्यांच्यासाठी तंबूत एक दवाखाना होता आणि त्यात एक इंग्रज डॉक्टर. त्याला मराठी येत नव्हतं आणि माणसांना इंग्रजी येत नव्हतं. दोघांच्या मध्ये मी. दुभाषी म्हणत मला, आणि ते ऐकून माझी मान जरा ताठ व्हायची. बाकी अकोल्यात ताठ व्हावं असं काही नव्हतं. पाणी खारट. त्या पाण्यात डाळ शिजेना, आणि शिजली तर घशाखाली उतरेना. भाकरी मी स्वतः थापायचो. पहिले पंधरा दिवस ती भाकरी होती की गोवरी, हे खाणाऱ्यालाच ठाऊक. दिवसभर तोंडात नवे शब्द, टेंट, बँडेज, ड्रेसर, कॉन्ट्रॅक्टर, आणि संध्याकाळी कोणाशी बोलावं तर आमच्या बाजूचं माणूस शोधत हिंडावं लागे. मायची आठवण यायची. लाज वाटण्यासारखी यायची. एकोणीस वर्षांचा घोडा, आणि चुलीच्या धुराचं निमित्त करून डोळे पुसायचा.

साहेब वाईट नव्हता. तापट होता, पण काम सोडून बसणारा नव्हता. पहिल्याच दिवशी त्यानं मला नियम सांगितला: रोग्याचं तोंड ते तुझं तोंड, तो जे बोलेल तेच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही. त्याच्यापुढे एक मोठी वही असे. रोग्याचं नाव, गाव, आणि पुढे दुखण्याचे तीन रकाने. पहिला 'स्लाइट', दुसरा 'सिव्हिअर', तिसरा 'इंटेन्स'. पहिल्या रकान्यातल्या माणसाला पुडी देऊन वाटेला लावायचं, दुसऱ्यातल्याला तंबूत निजवायचं, आणि तिसऱ्यात कोणी पडला तर साहेब जेवत असला तरी उठायचा.

स्लाइट म्हणजे थोडं, हे मला येत होतं. सिव्हिअर म्हणजे लय, असं मी धरून चाललो. तिसरा शब्द मला येत नव्हता. शाळेत तो आलाच नाही, आणि आला असला तर त्या दिवशी मी वेचणीला गावी गेलो असणार. साहेबाला विचारायची हिंमत झाली नाही. म्हणेल, कसला दुभाषी आणलाय! मग मी काय केलं असेल? तो रकाना सोडूनच दिला. येईल त्याला विचारायचो, "थोडं हाये का लय?" आणि सांगायचो. चार महिने साहेबाच्या वहीत तिसरा रकाना कोरा राहिला, आणि साहेबाला वाटलं असावं की वऱ्हाडातली माणसं फार कणखर आहेत.

आता आपल्या लोकांची रीत गावी राहिलेल्या तुम्हा पोरांना मी सांगायला नको. पण नागपूर-मुंबईला वाढलेल्या पोरांना सांगावी लागेल. आपल्याकडे बारीक गोष्टीचा बोभाटा होतो. भाजीत तिखट जास्त पडलं की "मेलो ना बाप्पा!" पायात काटा मोडला की "जीव चालला माहा!" सगळी आळी ऐकते. पण खरं मोठं दुखणं आलं, की माणूस एकदम गप्प होतो. विचारलं तर म्हणतो, थोडं हाये. बाबांना एकदा खळ्यावर विंचू चावला होता, काळा, मोठा. दत्तूनं, म्हणजे माझ्या धाकट्या भावानं, विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "थोडं चावलं," आणि खाली बसले ते दुसऱ्या दिवशी उठले. घरच्यांना घोर नको, हाताखालचं काम थांबायला नको, आणि आपलं दुखणं चारचौघांत मांडायचं नाही. अशी ती रीत. घरात ती चालते, कारण घरातल्याला ठाऊक असतं. "थोडं" ऐकलं की माय हातातलं काम टाकून उठायची.

ती रीत मला जन्मापासून ठाऊक होती आणि तरी दवाखान्याच्या तंबूत मी ती विसरलो. इंग्रजी बोलायला लागलो की मीही थोडा साहेब व्हायचो, दुसरं काय!

रामजी म्हणून एक मोर्शीकडचा माणूस भरावावर माती टाकायला होता. आमच्या बाजूचा, म्हणून संध्याकाळी त्याच्याशी बोलायला जायचो. एक दिवस तो स्वतः चालत तंबूत आला. घामानं ओला, आणि बोलताना दात आवळलेले. मी विचारलं, "थोडं हाये का लय?" तो म्हणाला, "पोटात थोडं हाये, भाऊ." मी साहेबाला सांगितलं, स्लाइट. साहेबानं पुडी दिली. रामजी पुडी कमरेला खोचून चालत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला चौघांनी उचलून आणलं, तेव्हा सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. साहेबानं वही उघडली, रामजीच्या नावापुढचा पहिला रकाना मला बोटानं दाखवला आणि म्हणाला, "तू स्लाइट म्हणालास." मी म्हणालो, "तो स्लाइट म्हणाला." दोन्ही खरं होतं. त्या दिवशी मी भाकरी थापली नाही.

अकोल्याच्या शाळेत एक मास्तर होते, पुण्याकडचे. त्यांच्याकडे इंग्रजीचा जाडजूड कोश होता. रविवारी मी त्यांच्याकडे गेलो आणि विचारलं, "मास्तर, इंटेन्स म्हणजे काय?"

मास्तर खुशीत आले. "इंटेन्स? तीव्र, प्रखर, उत्कट. प्रसंग पाहून वापरावं."

"तुमी रामजीले विचारलं असतं, तीव्र हाये का उत्कट हाये, तर तो काय म्हनला असता?"

"कोण रामजी? आणि हे 'म्हनला' काय, गोविंदराव? चार वर्षं इंग्रजी शिकलात, आता थोडं मराठीही शिका." असे ते नेहमीच चिडवायचे. मी एरवी उलट बोललो असतो, आमच्या बोलीला कोणी हसलं की मला सहन होत नाही. त्या दिवशी मात्र मी रामजीची हकीगत सांगितली. मास्तरांचं हसू गेलं. त्यांनी कोश पुढे ओढला.

मी म्हणालो, "अर्थ नोको, शब्द सोडवून सांगा." ही सवय मला रिद्धपूरची. लहानपणी बाबांबरोबर मठात जायचो तेव्हा महंतबाबा एकेका सूत्रातला एकेक शब्द घेऊन बसत. हा कुठून आला, याच्या पोटात काय आहे, हे कळल्याशिवाय पुढे सरकत नसत. तेव्हा मला झोप यायची. पण ते अंगात मुरलं असणार.

मास्तरांनी बारीक अक्षर वाचलं. म्हणाले, हा शब्द मूळचा इंग्रजांचा नाहीच, लॅटिनमधून आलेला आहे. तिथं त्याचं मूळ ताणणे. ताणलेलं, ओढून घट्ट केलेलं, ते इंटेन्स. मग त्यांनी धोतराच्या काठाचा एक धागा काढला, दोन हातांत धरून ताणला आणि मला दाखवला. "याच्यात जास्त काही झालेलं नाही. धागा तेवढाच आहे. फक्त ताण आहे."

मी तिथंच बसून राहिलो. चार महिने मी माणसांना विचारत होतो की दुखणं किती आहे, शेरभर की मणभर, जसं काही ते मापात घालायचं होतं. आणि शब्द तर वेगळंच विचारत होता. माणूस किती ताणला गेलाय, असं. ते तोंडाला कशाला विचारायचं? ते तर दिसतं. कापसाच्या गाडीवर दोर आवळणारा माणूस असतो ना, पाय चाकाला रोवून, पायाची बोटं वळलेली, मानेच्या शिरा वर आलेल्या, दात आवळलेले? रामजी तसाच उभा होता माझ्यापुढे. मी पाहिलं होतं. सांगितलं नाही, कारण मला त्याचं तोंड सांगायचं होतं. मी मास्तरांपुढे रडलो. मोठ्यानं रडलो, आपल्याकडे काट्यासाठी रडतात तसं.

त्यानंतर मी रोग्याकडे पाहायला लागलो. कोणाची बोटं वळलेली दिसली, कोणी खाटेची दोरी मुठीत धरलेली दिसली, की साहेबाला सांगायचो, हा 'थोडं' म्हणतोय, पण याच्याकडे पाहा. साहेब कधी पाहायचा, कधी चिडायचा. "पदरचं घालू नकोस," म्हणायचा. तरी तिसऱ्या रकान्यात दोन-तीन नावं पडली.

हिवाळ्यात बाबा अकोल्याला आले. दोन गाड्या कापूस घेऊन पुढे रेल्वेच्या टोकापर्यंत चालले होते, जाता जाता मला भेटणार होते. दत्तूही बरोबर होता. पण झोपडीवर माझी वाट पाहत बसण्याऐवजी दत्तूनं त्यांना थेट दवाखान्याच्या तंबूशी आणलं. दत्तूनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "दादा, बाबाईनं बडनेऱ्याले कापसाची गासडी उचलली, तवापासून जेवून नाई राहिले. काल रातपासून ओकून राहिले. मले म्हनते, गोईंद्याले सांगू नोको."

बाबा बाकावर बसले होते. मला पाहून म्हणाले, "वाळला रे तू."

साहेब निघायच्या घाईत होता. पलीकडच्या मुक्कामावर पटकीचे रोगी आढळले होते, घोड्यावर खोगीर चढलेलं. त्यानं वही उघडली आणि मला विचारायला सांगितलं. मी विचारलं, "बाबा, किती दुखते?"

"थोडं हाये."

"कुठी?"

"पोटात. थोडं. सुंठ घेतली का बरं होईन. साहेबाले जाऊ दे, त्याचं काम हाये."

मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. पायाची बोटं वळून जमिनीत रुतली होती. एक हात मांडीच्या सांध्यावर धोतराच्या वरून घट्ट दाबलेला, आणि तो हात ते काढत नव्हते. मानेची शीर हाताच्या करंगळीएवढी वर आलेली. ओठांवर हसू.

"काय म्हणतो?" साहेबानं विचारलं. पेन पहिल्या रकान्यावर.

"स्लाइट म्हणतात," मी म्हणालो. नियम तो नियम. आणि लगेच म्हणालो, "पण साहेब, तिसऱ्या रकान्यात लिहा. इंटेन्स."

"त्यानं असं म्हटलं?"

"नाही. मी म्हणतो. ते माझे वडील आहेत."

साहेब चिडला. वडील असोत की आजोबा, इथं मी काय म्हणतो ते कोणी विचारलेलं नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलला आणि घोड्याकडे निघाला. मी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं साहेबाला आडवा उभा राहिलो. म्हणालो, "मांडीवरचा हात काढायला लावा त्यांना. तेवढं पाहा आणि मग जा. काही नसलं तर मला काढून टाका."

साहेबानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि परत आला.

बाबा हात काढेनात. धोतर सोडायचं कळल्यावर तर उठून चालायलाच लागले, दोन पावलं गेले आणि खाली बसले. दत्तूनं आणि मी त्यांना उचलून खाटेवर घातलं. तो अंतर्गळ होता. किती वर्षांचा होता देव जाणे. लंगोटात आवळून ते नांगर धरत होते, गाड्या भरत होते, माझ्यापुढे दोन दिवस अमरावतीपर्यंत चालत गेले होते. गासडी उचलताना आतडं बाहेर येऊन अडकलं होतं. साहेबानं हात लावला. त्याचा चेहरा बदलला आणि त्यानं घोड्याचं खोगीर उतरवायला सांगितलं.

मग तो मला म्हणाला, सांग त्याला: आत्ता कापलं नाही तर उद्या-परवा जाईल. कापलं तरी जगेलच असं मी म्हणत नाही. काय करू, विचार.

ते मी जसंच्या तसं सांगितलं. त्यात पदरचं काही घातलं नाही.

बाबांनी तंबूच्या छताकडे पाहिलं. म्हणाले, "बाहेर कापूस उभा हाये गाडीवर."

"कापसाले दत्तू पाहीन."

मग म्हणाले, "तुले काय वाटते?" मला त्यांनी हे कधीच विचारलं नव्हतं. कोणत्या वावरात काय पेरायचं, कोणता बैल ठेवायचा, मी शाळेत जायचं की नाही, काही नाही.

"कापू द्या," मी म्हणालो.

"मंग मले कायले विचारतं?" असं म्हणून त्यांनी डोळे मिटले.

साहेबानं औषधाचा वास देऊन त्यांना निजवलं. मी दिवा धरायला आत थांबलो नाही. थांबू शकलो नाही. बाहेर गाडीच्या जुवाशी टेकून दत्तू आणि मी बसलो. तो एकसारखा विचारत होता, "दादा, तू साहेबाले काय म्हनला?" आणि मला वाटत होतं, आत बाबा गेले तर त्यांना मीच मारलं. त्यांचं तोंड "थोडं" म्हणत होतं आणि मी तिसरा रकाना लावला. इतका घाबरलो नव्हतो मी कधी. साहेब बाहेर आला तेव्हा त्याचे हात धुतलेले होते. त्यानं मला काही सांगितलं नाही, फक्त तंबूकडे मान हलवली. आत बाबा घोरत होते.

ते सव्वा महिना माझ्या झोपडीत राहिले. कापूस दत्तूनं पुढे नेला. पहिले आठ दिवस बाबा माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी बोलले ते असं: "म्या थोडं म्हनलं होतं. साहेबापुढं धोतर सोडाले लावलं तू." मी ऐकून घेतलं. माझी भाकरी खाऊन म्हणाले, "हे तं त्या चिरफाडीपेक्षा बेकार हाये," आणि दुसऱ्या दिवसापासून खाटेवर बसून मला पीठ मळायला शिकवू लागले.

गावी जायच्या दिवशी दत्तू गाडी घेऊन आला. सामानावर दोर आवळायला त्यांना साहेबाची मनाई होती, म्हणून मी आवळत होतो. बाजूला उभे राहून त्यांनी विचारलं, "तो शबुद कोनता रे, तू साहेबाले सांगितला तो?"

"इंटेन्स."

"म्हंजे काय?"

मी मास्तरांनी सांगितलं ते सगळं सांगितलं. कुठल्या भाषेतून आला, मूळ काय. दोर हातात होताच, तो ताणून दाखवला.

त्यांनी दोराला बोट लावून पाहिलं. "मंग बरोबर हाये," म्हणाले आणि गाडीत बसले. जाताना "दंडवत" म्हणाले, थोरामोठ्यांना म्हणतात तसं. मी गाडी दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यात उभा.

पुढचं थोडक्यात सांगतो. अमेरिकेतली लढाई संपली, कापसाचा भर ओसरला, रेल्वे अकोल्याच्या पुढे बडनेऱ्यापर्यंत गेली. साहेब विलायतेला गेला. मी अकोल्यातच कचेरीत लागलो, लग्न झालं, तुम्ही मुलं झालात. गावी पाहुण्यासारखा जायचो. माझी भाषा बदलली, दत्तू म्हणायचा, "दादा, तू बोलतं तं पुस्तक वाचल्यासारखं वाटते." राग यायचा मला, कारण खरं होतं.

मग बऱ्याच वर्षांनी एका मंगळवारी दत्तूचं कार्ड आलं. पाऊस बरा आहे, गाय व्याली, आणि खाली एक ओळ: बाबांना थोडं बरं नाही, सवडीनं येऊन जाणे. तुमची आई म्हणाली, "थोडंच तर लिवलं हाये. आयतवारी जाजा, सुट्टीही हाये." ती अकोल्याची, शहरातली, तिचं चुकलं नाही. मी अंगावरच्या कपड्यांनी स्टेशनवर गेलो.

पोचलो तेव्हा दत्तू दारातच होता. दचकला. "तू कसा आला? म्या तं थोडंच लिवलं होतं. बाबाईनंच सांगितलं, थोडं लिव म्हनून."

बाबा आत खाटेवर होते. हाडं राहिली होती. मला पाहून म्हणाले, "काहून आला?"

"तुमी थोडं म्हनलं म्हनून आलो."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग खाटेवर हात आपटून म्हणाले, "बस." मी बसलो. त्यांनी माझं मनगट धरलं आणि दत्तू ऐकणार नाही अशा आवाजात म्हणाले, "लय दुखते रे, गोईंद्या." जन्मात पहिल्यांदा म्हणाले. मी मनगट सोडवलं नाही. तिसऱ्या दिवशी ते गेले.

आता मला कोणी गाव विचारलं की मी अकोला सांगतो. घर इथं आहे, खारट पाणी आता मला गोड लागतं, आणि आपल्या गावच्या विहिरीचं पाणी प्यायलो तर बेचव वाटतं. जुनं घर पडलं तेव्हा मला फारसं वाईट वाटलं नाही, हे दत्तूच्या मुलांना आवडणार नाही पण खरं आहे. घर मला भिंतींत नाही वाटत. आपण "थोडं" म्हणावं आणि समोरच्यानं हातातलं टाकून उठावं, असं माणूस जिथं असेल तिथं आपलं घर. माझी माय गेली, बाबा गेले, गेल्या वर्षी दत्तू गेला. आता ते कळणारी तुम्हीच पोरं उरलात, कोणी गावी, कोणी नागपूरला, कोणी मुंबईला. तुमच्यातल्या काहींना ही रीत कोणी शिकवली नसेल म्हणून एवढं सविस्तर लिहिलं. पुष्कळ इंग्रजी शिकलात, हेही शिकून ठेवा.

बाकी इकडे सगळं ठीक. मला पंधरा दिवसांपासून थोडं बरं नाही.